मामाचं तोंड आलं होतं

"उष्णतेनं तोंड आलंय रे," असं मामा दीड महिना म्हणत होता. गुलकंद झाला, जाईचा पाला चघळून झाला, बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या. परवा मिसळ खायला गेलो, तर पठ्ठ्यानं नुसता पाव दह्यात बुडवून खाल्ला. सदाशिव पेठेतला माणूस तर्री नको म्हणतो म्हटल्यावर मला शंका आली. आज ओढतच टिळक रोडला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी जिभेचं टोक गॉजमध्ये धरलं आणि जीभ बाजूला ओढली. डाव्या कडेला, मागच्या दाढेजवळ, मसुराएवढी जखम. कडा पांढरट, मधे लाल. बोटानं दाबली तर खाली टणक लागली म्हणे. मग गळ्यात गाठी चाचपल्या. "त्या बाजूचा कान दुखतो का?" मामा चपापला. कानात तो महिनाभर तेल घालतोय!

साधं तोंड आलं तर आठ-पंधरा दिवसांत बरं होतं, तीन आठवड्यांपुढे राहिलं तर दाखवायचंच. दुखत नसलं तरी, कारण सुरुवातीला कॅन्सर बऱ्याचदा दुखतच नाही, असं बाई म्हणाल्या. गुटखा मामानं २०१२च्या बंदीनंतर सोडला. (टपरीवाल्याचं मत वेगळं असेल.)

दाढेचं टोकही घासत होतं, ते गुळगुळीत करून दिलंय. तेवढंच असेलही. बायोप्सी, म्हणजे जखमेचा तुकडा काढून तपासणं, गुरुवारी आहे.

येताना रिक्षात मामा मोबाईलच्या कॅमेऱ्यात जीभ काढून बघत होता आणि रिक्षावाला आरशातून मामाकडे.