डावीकडची रेघ

आबांची बुलेट १९८४ ची. टाकी काळी, आणि दोन्ही बाजूंना सोनेरी रेघा. लांबून पाहिलं तर दोन्हीकडच्या रेघा सारख्याच वाटतात. पण उजवीकडची रेघ मद्रासची आहे आणि डावीकडची कोल्हापूरची, शिवाजी उद्यमनगरातल्या एका बोळातली.

झालं असं, की १९९१ च्या पावसाळ्यात पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळच्या वळणावर आबा घसरले. आबांना गुडघ्यावर थोडं खरचटलं, बुलेटला मात्र डाव्या अंगाला चांगलाच मार बसला. टाकीला पोचा एवढा की त्यात वाटीभर आमटी राहिली असती. आबा मास्तर, त्यामुळे दोन्ही बाजू रंगवायचा प्रश्नच नव्हता. "उजवीकडं काय झालंय? तिकडचे पैसे कशाला?" असं म्हणून त्यांनी निम्म्याच टाकीचा सौदा ठरवला. मी तेव्हा सातवीत होतो आणि टाकी सायकलच्या कॅरिअरला बांधून न्यायचं काम माझ्याकडं होतं.

पेंटरकाकांचं नाव मी इथं लिहीत नाही, आणि खरं तर तेव्हा ते मला ठाऊकही नव्हतं. आमच्या गावात पेंटर म्हटलं की पुढं काही विचारायचं नसतं. सुतारकामातल्या मेस्त्री घराण्यातले बाबूराव पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले, पुढं सिनेमे काढले, स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली, तरी शेवटपर्यंत पेंटरच राहिले. ज्या गावात हा शब्द आडनावाच्या जागी बसतो, तिथं नंबरप्लेटा लिहिणाऱ्या माणसालाही तो जरा ताठ मानेनंच लावून घ्यावा लागतो.

"आत्ता न्हाई जमायचं," टाकी बघून ते म्हणाले. "पाऊस हाय. रंग पांढरा मारतोय."

आबांना ती टाळाटाळ वाटली. ती नव्हती. लॅकरचा रंग फवाऱ्याच्या गनमधून उडाला की त्यातला थिनर झपाट्यानं उडून जातो, पत्रा गार पडतो आणि हवेतला ओलावा त्याच्यावर धरतो. मग काळ्या रंगावर राख फिरवल्यासारखी दिसते. कोल्हापूरच्या श्रावणात हवा म्हणजे नुसता ओला पंचा. टाकी दोन महिने त्यांच्या फळीवर पडून राहिली, आणि मी शाळा सुटल्यावर "झाली का?" विचारायला जात राहिलो. ती होणार नाही हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. जायचं कारण हातचं जाऊ नये म्हणून मी ते घरी सांगितलं नाही.

पत्रा सरळ करणाऱ्या डेंटरनं पोचा जमेल तेवढा ओढून दिला होता. उरलेल्या खोलगटात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, मग घासायला वॉटर पेपर, पुन्हा लांबी, पुन्हा पेपर. काका डोळे मिटून तळहात फिरवायचे. डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला लागतो म्हणे. मी पण फिरवून बघायचो. मला सगळं सपाटच लागायचं.

पण हे काम कुणीही शिकलेला माणूस करतो. रेघेचं तसं नाही.

नवरात्र बसलं, ऊन पडलं, काळा रंग चढला, वाळला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी रेघेचा ब्रश काढला. दांडी बोटभर आणि केस त्याच्या दुप्पट, असा उलटाच प्रकार. काम झालं की ते त्याला तेल लावून, केस सरळ करून पत्र्याच्या डबीत निजवून ठेवायचे. केस लांब कशाला, तर रंग भरपूर धरावा आणि मध्येच संपू नये म्हणून. शिवाय आखूड केसांत हाताचं थरथरणं थेट उतरतं, लांब केस ते वाटेतच जिरवतात. इनॅमलमध्ये ब्रश बुडवला की तो आधी लग्नपत्रिकेवर ओढायचा. लग्नपत्रिकाच का? गुळगुळीत असते, रंग पीत नाही आणि फुकट मिळते. 'श्री गजानन प्रसन्न'च्या खाली, वधूवरांच्या नावांवरून, सोनेरी, लाल, पांढऱ्या रेघा. ब्रश कार्डावर हवा तसा चालला की मगच टाकीकडं वळायचा.

त्यांनी आधी टाकी फिरवून उजवी बाजू बघितली. खूप वेळ बघितली. मग मला बोलावलं.

"हितं बघ. काय दिसतंय?"

मागच्या टोकाशी, जिथं वरची आणि खालची रेघ जवळ येतात, तिथं खालची रेघ केसभर हलली होती. सात वर्षं ती गाडी आमच्या दारात होती आणि घरातल्या कुणालाही ती दिसली नव्हती.

"त्या मद्रासवाल्याला शिंक आली असंल," काका म्हणाले. "दिवसाला किती टाक्या मारत असंल बिचारा." आणि मग अगदी गंभीरपणे, "डावीकडं पण शिंक घालू का? जोडी जुळंल."

मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात बुलेटच्या टाकीवरची रेघ खरोखरच हातानं मारत, आणि ते काम एका कुटुंबात बापाकडून मुलांकडं आलेलं आहे, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. तोवर मला ते यंत्राचंच काम वाटायचं. काकांनी मात्र एका हललेल्या केसावरून पलीकडं माणूस आहे हे ओळखलं होतं.

मग रेघ. करंगळी टाकीच्या कडेला टेकवली, ब्रश अंगठा आणि तर्जनीत धरला, आणि हात न हलवता ते आख्खे मागं सरकले. रेघ हातानं मारायची नसते, कमरेनं मारायची असते. श्वास बंद. बाहेर कुणीतरी लुनाचं पायडल मारत होतं, तेही त्यांना ऐकू गेलं नसावं. वळणावर ब्रश बोटांत किंचित गोल फिरला, आणि शेवटी उचलताना रेघ आपोआप बारीक होत होत स्वल्पविरामासारखी संपली. शिंक घातली नाही. पण हे शेपूट मद्रासच्या रेघेला नाही, तिथं ती बोथट थांबते.

या शेपटानं मला पुढं फार त्रास दिला. कारण ते एकदा कळल्यावर गावभर दिसायला लागलं. गंगावेशीत दुधाच्या किटल्या लावलेल्या राजदूतवर, एका येझदीच्या टूलबॉक्सवर, एका मडगार्डवरच्या 'चांगभलं'च्या अनुस्वारात. ते सही कधीच करत नसत. त्यांचा 'ळ'सुद्धा असाच, पोट मोठं आणि शेवट वर उचललेला. 'पन्हाळा' लिहिलेली कुठलीही जुनी जीप मी आजही मागून वाचतो.

अमेरिकेत केनेथ हॉवर्ड नावाचा एक विक्षिप्त माणूस होऊन गेला, १९२९ ते १९९२. 'व्हॉन डच' या नावानं जग त्याला ओळखतं. बाप पाट्या रंगवणारा, आणि पोरगं मोटारसायकलच्या गॅरेजात बापाचे ब्रश घेऊन रेघा मारायला लागलं. पन्नासच्या दशकात कॅलिफोर्नियात गाडीवर रेघा काढून घेण्याला लोक गाडी 'डच' करून घेणं म्हणायचे. पंख फुटलेला डोळा ही त्याची खूण. तो गेल्यावर त्याच्या नावाच्या टोप्या आणि टीशर्ट दुनियाभर खपले, आणि ते घालणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ब्रश कधी हातातही धरला नसेल. आमच्या पेंटरकाकांच्या नावाची टोपी सोडा, दुकानावर पाटीसुद्धा नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या पाट्या लिहिल्या, स्वतःची लिहायला सवड झाली नाही. किंवा पैसे कोण देणार, असाही हिशोब असेल.

पुढं रेडियमवाले आले. संगणकावर अक्षर काढायचं, यंत्र कापून देतं, सोलून चिकटवायचं. काकांनी कुरकुर केली नाही. उलट इंग्रजी आकड्यातल्या चारला वाकवून 'द' आणि एकचा काना करून ४१४१ चा 'दादा' बनवणाऱ्या प्लेटा काही वर्षं त्यांच्याकडंच जोरात चालल्या. आरटीओच्या नियमात ते बसत नाही हे त्यांना माहीत होतं, गिऱ्हाइकालाही माहीत होतं. मग २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना अशोकचक्राचा होलोग्रामवाली प्लेट कंपनीतूनच बसून यायला लागली, आणि नंतर जुन्या गाड्यांचीही पाळी आली. आमच्या बुलेटची प्लेट बदलली तेव्हा काका जाऊन वर्ष झालं होतं. नवी प्लेट बसवणाऱ्या पोरानं काकांनी लिहिलेली प्लेट उचकटली आणि म्हणाला, "ही टाकू न्हवं?" मागं माणसं खोळंबली होती. मी हो म्हणालो. असं मी का म्हणालो, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

दुकान आवरलं तेव्हा त्यांच्या मुलानं मला एक लग्नपत्रिका दिली. शिरोळकडच्या कुणाचं तरी लग्न, वैशाखातलं. वराच्या नावावरून सात सोनेरी रेघा, प्रत्येकीला शेपूट. ती मी गाडीच्या कागदपत्रांत ठेवली आहे. पोलिसानं थांबवलं की लायसनच्या आधी तीच हाताला लागते.

आता टाकी आतून गंजली आहे. शिवाय झाकणाखालून पेट्रोल ओघळून डावीकडची रेघ एका जागी पुसट झाली आहे, कारण साधं इनॅमल पेट्रोलपुढं टिकत नाही. गेल्या महिन्यात एका तरुण पेंटरकडं गाडी नेली. चांगला मुलगा आहे, काम स्वच्छ. त्यानं टाकीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून दोन्हीकडं बघितलं, डावीकडच्या रेघेवरून नख फिरवलं.

"सर, ही डावीकडची ओरिजिनल कंपनीची हाय. हिला हात लावायला नको, टेप मारून वाचवतो." मग उजवीकडं गेला, मागच्या टोकाशी थांबला आणि हसला. "ही मात्र कुणीतरी गावात मारलीय बघा. हललीय."

मी म्हटलं, "राहू दे तीही."