ताई 'अ'मध्ये, मी 'ब'मध्ये

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं त्याच रात्री ताईचा फोन आला. "तुलापण आलं का गं?" दोघींना आपापल्या पत्त्यावर, आपापल्या नावानं पत्र. मला एकदम बाईच आठवल्या. शाळेबद्दल चार शब्द लिहा असं समितीनं कळवलंय, पण माझ्या हातून बाईंबद्दलच लिहून होणार. बाई म्हणजे कोण, हे आपल्या वाईतल्या माझ्या वयाच्या कुणाला सांगायला नको.

आम्ही जुळ्या. ताई दहा मिनिटांनी मोठी, म्हणून आजीनं मला तिला 'ताई' म्हणायला लावलं. एकाच ताग्यातले फ्रॉक, तांबड्या रिबिनी, चौथीपर्यंत एकच बाक. हजेरीत आमचे नंबर लागोपाठ आणि दोन्ही वेळा 'हजर' ताईच म्हणायची. आम्हाला ओळखायची पंचाईत असल्यानं गुरुजीही चालवून घेत. मला भूक लागली तरी "आम्हाला भूक लागली" हे ताई सांगे. मी घराबाहेर तोंडच उघडत नसे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

जून १९७४. पाचवीच्या प्रवेशाला बाई टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी मला काहीतरी विचारलं, उत्तर ताईनं दिलं. त्यांनी माझ्याकडे बघून पुन्हा विचारलं, पुन्हा ताईच बोलली. बाईंनी मान खाली घातली आणि एकीच्या नावापुढे 'अ', दुसरीच्या नावापुढे 'ब' लिहिलं.

घरी रडारड. "देवानं जोडीनं धाडल्या, शाळेनं का तोडायच्या?" आजीचं म्हणणं. वडील एसटीत कंडक्टर, घरात खाणारी नऊ तोंडं. एका बाकावर बसल्या तर बालभारतीचा एकच संच दोघींना पुरणार होता. आई दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. मी तिच्या पदराआड उभी होते.

"बाई, एका वर्गात घ्या पोरींना. पुस्तकं दोन-दोन कुठनं आणू?"

"वहिनी, पुस्तकांचं मी बघते. पण हिचा आवाज मला ऐकायचाय."

बाईंनी काय करावं? वेळापत्रक करणाऱ्या सरांच्या मागे लागून 'अ'चे इंग्रजी, भूगोल आणि विज्ञानाचे तास मधल्या सुट्टीच्या आधी घेतले, 'ब'चे नंतर. भाषेची नि गणिताची जुनी पुस्तकं सातवीतल्या एका मुलीच्या घरून मिळवून दिली. एका संचासाठी दोन वर्गांचं वेळापत्रक फिरवणं म्हणजे काय, हे शिक्षकांच्या खोलीत बसलेल्यांनाच कळेल. मग रोज मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ ताई येई, पुस्तकं माझ्या हातात देई, आणि आम्ही एकाच डब्यातली भाकरी खायचो.

त्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू होई. 'ब'ला बाईच शिकवत. पहिल्याच आठवड्यात "व्हॉट इज युवर नेम?" अशी रांगेनं विचारणा सुरू झाली. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि सवयीनं शेजारी बघितलं. शेजारी भलतीच मुलगी. बाई थांबल्या. अख्खा वर्ग थांबला. नदीकडच्या खिडकीतून घाटावर धुणं आपटल्याचे आवाज येत होते, तेवढेच. "बस. उद्या विचारीन," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, कीवही नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मुलं हसायला लागली की बाई नुसतं त्यांच्याकडे बघत. माझ्या वतीनं उत्तर द्यायची कुणाला परवानगी नव्हती. किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. एका पावसाळी दुपारी मी माझं नाव सांगितलं. नुसतं नाव, पुढचं-मागचं काही नाही. बाईंनी "व्हेरी गुड" म्हटलं आणि पुढच्या मुलीकडे वळल्या. त्या वळल्या, याचे माझ्यावर फार उपकार आहेत.

पुढे सातारच्या कोर्टात मी अठ्ठावीस वर्षं वकिली केली. पहिल्यांदा न्यायाधीशांपुढे उभी राहिले तेव्हा तोच वर्ग डोळ्यांपुढे होता.

ताईनं मात्र एक गोष्ट फार उशिरा, आई गेल्यानंतर सांगितली. त्या जूनमध्ये 'अ'मध्ये तीच रडायची. माझ्यासाठी बोलायचं काम गेलं आणि तिला वर्गात करमेना. बाईंना ते कळलं होतं. शेवटच्या तासाला त्या तिला वह्यांचा गठ्ठा घेऊन 'ब'मध्ये बोलावत. दारातून मी दिसले की ती परत जाई. मी पाठमोरी बसायचे, मला पत्ताच नव्हता.

माझी लेक मिनेसोटात असते. तिचे जुळे यंदा शाळेत चालले. तिथे २००५ पासून कायदाच आहे की जुळ्यांना एकत्र ठेवायचं की वेगळं, हे आईवडिलांनी शाळेला सांगायचं. जावयानं २०१८ चा एक अभ्यासही वाचून दाखवला. ब्रिटन आणि कॅनडातल्या क्यूबेकमधल्या हजारो जुळ्यांमध्ये, एका वर्गात बसले काय नि वेगळे बसले काय, अभ्यासातल्या प्रगतीत फारसा फरक आढळला नव्हता. मी लेकीला म्हटलं, मार्कांचं राहू दे. दोघांना वेगवेगळं बसवून एकेक प्रश्न विचार, आणि उत्तर येईपर्यंत तू बोलू नकोस. मग ठरव.

हल्ली आपल्या शाळेत सेमी-इंग्रजीच्या तुकड्या मार्कांवर पाडतात असं ऐकते. वाईट वाटतं. पोराकडे बघून तुकडी लिहिणारं माणूस त्या टेबलाशी पुन्हा बसावं.

पाचवीचं ते इंग्रजीचं पुस्तक आमच्याकडे अजून आहे. खाकी कव्हरावर बाईंच्या अक्षरात दोन नावं, एकाखाली एक, पुढे 'अ' आणि 'ब'. सध्या ते ताईकडे असतं. सोहळ्याला ती घेऊन येणार आहे, मधल्या सुट्टीच्या वेळेला, टाकीजवळ.