तुम्ही विचारलंत म्हणून: ख्रिस्तावर विश्वास नसेल तर माणूस चांगला वागूच शकत नाही का?

हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी येतो. मी ख्रिस्ती आहे, चर्चला जाते, बायबल वाचते आणि हे लोकांना माहीत असतं, त्यामुळे चर्चमधली माणसं विचारतात की ज्यांचा देवावर विश्वासच नाही ते चांगलं-वाईट कशाच्या जोरावर ठरवणार, आणि चर्चबाहेरचे मित्र विचारतात की तुम्ही लोक नरकाला घाबरून नीट वागता ना, ती भीती काढून घेतली तर काय कराल. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, पण गंमत म्हणजे गृहीत दोघांनी एकच धरलंय, की ख्रिस्ती माणसाची नीती त्याच्या विश्वासावर उभी असते आणि विश्वास गेला की तीही जाते.

मला हे पटत नाही. आणि बायबल बाजूला ठेवून नाही, ते वाचूनच पटत नाही.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकाचा, उत्पत्तीचा, २० वा अध्याय काढून बघा, यावर प्रवचन फारसं ऐकायला मिळत नाही. अब्राहाम गरार नावाच्या परक्या मुलखात जातो आणि सारा आपली बायको आहे हे लपवून ती बहीण आहे असं सांगतो. तिथला राजा अबीमलेख तिला आपल्याकडे नेतो. मग देव त्याच्या स्वप्नात येऊन बजावतो की ही दुसऱ्याची बायको आहे. राजाने तिला हातसुद्धा लावलेला नसतो, तो तिला परत पाठवतो आणि अब्राहामाला समोर बोलावून चांगलाच झापतो, की जे कुणी कुणाशी करू नये ते तू माझ्याशी केलंस. यावर अब्राहामाचं स्पष्टीकरण काय? तर मला वाटलं या ठिकाणी देवाचं भय नाही, माझ्या बायकोपायी हे मला मारून टाकतील. म्हणजे बघा, ज्याला आपण विश्वासणाऱ्यांचा बाप म्हणतो त्या माणसाने परक्या लोकांबद्दल अगदी हाच हिशोब केला होता, देव नाही म्हणजे नीती नाही, आणि तो हिशोब साफ चुकला. त्या अख्ख्या प्रकरणात सत्य लपवलं ते अब्राहामाने आणि सरळ वागला तो परका राजा. आता कुणी म्हणेल की देवाने धमकावलं म्हणून वागला. घाबरला होता हे खरंच आहे. पण स्वप्नातच तो देवाशी वाद घालतो, मी हे शुद्ध मनाने केलं, निर्दोष लोकांचा नाश करणार का तू, आणि देव त्याला म्हणतो की हो, तू शुद्ध मनानेच केलंस हे मला माहीत आहे. मन शुद्ध असणं म्हणजे काय, निर्दोष कोण, हे त्या माणसाला स्वप्न पडायच्या आधीपासून कळत होतं.

बायबलमधल्या योना या संदेष्ट्याच्या गोष्टीतले, वादळात सापडलेले खलाशीही तसेच. प्रत्येक जण आपापल्या देवाचा धावा करणारा, आणि योना स्वतःच म्हणतोय मला समुद्रात फेका, तरी ते आधी जीव तोडून वल्ही मारतात की याला फेकायला लागू नये. आणि येशूचा प्रेषित पौल तर रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात उघडच म्हणतो की ज्यांना नियमशास्त्र (देवाने यहुद्यांना दिलेले नियम) मिळालंच नाही असे परराष्ट्रीयही त्यातल्या गोष्टी स्वभावतः करतात, ते त्यांच्या अंतःकरणावर लिहिलेलं आहे आणि त्यांचा विवेक त्याची साक्ष देतो. १३ व्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने यावर सगळी मांडणी केली, की चांगलं करावं वाईट टाळावं एवढं माणसाला बुद्धीने कळतंच, आणि कॅथलिक चर्च आजही तेच शिकवतं. म्हणजे मी काही नवीन किंवा बंडखोर बोलत नाहीये, उलट "विश्वास नाही तर नीती नाही" हेच जरा विचित्र ख्रिस्ती मत आहे.

तरी ते मत इतकं घट्ट बसलं याला इतिहास आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक, सहिष्णुतेचा एवढा मोठा पुरस्कर्ता, १६८९ च्या त्याच्या सहिष्णुतेवरच्या पत्रात लिहितो की देव नाकारणाऱ्यांना मात्र अजिबात सहन करू नये, कारण वचन, करार, शपथ यांचं नास्तिकावर काही बंधन राहत नाही. त्याच काळात पिएर बेल म्हणून एक फ्रेंच प्रोटेस्टंट १६८० च्या धूमकेतूवर लिहिता लिहिता असा मुद्दा काढतो की नुसत्या नास्तिकांचा समाजसुद्धा व्यवस्थित चालू शकेल, कारण माणसं मानतात एक आणि वागतात भलत्याच गोष्टींमुळे. बेलचं निरीक्षण जास्त बरोबर होतं असं मला वाटतं, पण कायद्यात लॉकची भीतीच टिकली. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनहून ब्रिटिश संसदेवर निवडून आला, उघड नास्तिक, म्हणाला मी देवाच्या शपथेऐवजी नुसती प्रतिज्ञा घेतो, ती चालली नाही, मग म्हणाला बरं शपथ घेतो, तर तीही घेऊ देईनात कारण तुझ्या शपथेला अर्थ काय. लोक त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत होते आणि तरी नीट बसायला मिळायला १८८६ उजाडलं. आता यात मला सगळ्यात मजेशीर वाटतं ते हे, की ज्या माणसाला शब्दाची किंमत नसते तो पहिल्याच दिवशी गपचूप शपथ घेऊन मोकळा झाला असता. हा अडकला तो मनात नाही ते तोंडाने म्हणायचं टाळत होता म्हणून, आणि याच माणसाच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा असा संसदेला प्रश्न पडला होता!

बरं, चांगलं काय ते कळणं वेगळं आणि ते हातून होणं वेगळं. मित्रांचा खरा मुद्दा तिथे असतो, की विश्वासाने माणूस निदान जास्त चांगला वागतो का? यावर मी नेहमी एक प्रयोग सांगते, १९७३ मध्ये छापून आलेला, डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतले विद्यार्थी घेतले, म्हणजे पुढे पाळक वगैरे होणारी मुलं. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत छोटं भाषण द्यायला पाठवलं आणि वाटेत एक माणूस दारात कोसळून बसलेला, खोकतोय, कण्हतोय. काहींच्या भाषणाचा विषयच चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, होता! (ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: लूक १०, लुटून अर्धमेला टाकलेल्या माणसाला याजक (पुरोहित) आणि लेवी (मंदिराचा सेवक) टाळून पुढे जातात आणि ज्याला यहुदी लोक कमी लेखायचे तो शोमरोनी थांबून त्याची काळजी घेतो.) कोण थांबलं? ज्यांना घाई नव्हती त्यातले ६३ टक्के, थोडी घाई होती त्यातले ४५, आणि उशीर झालाय पळा असं सांगितलेल्यांतले फक्त १०. भाषणाच्या विषयाने म्हणावा असा फरक पडला नाही, आणि कोण किती आणि कशा प्रकारे धार्मिक आहे यावरून तो थांबेल की नाही हेही सांगता येईना. एकच प्रयोग आहे, चाळीसच मुलं होती, त्यावर जगाचा निकाल लावू नये, पण तो वाचल्यावर रविवारी चर्चला पोचायच्या घाईत मी रस्त्यावर कुणाकडे बघत नाही हे माझ्या लक्षात यायला लागलं हे मात्र खरं.

आता दुसरी बाजू, आणि इथे माझ्या नास्तिक मित्रांना जरा थांबवावं लागतं, कारण ते म्हणतात बघ, तूच सांगितलंस, मग ख्रिस्ती धर्माचा नीतीशी काही संबंधच नाही. असं नाहीये. रोमन काळातलं एक पत्र सापडलंय, इ. स. पूर्व १ मधलं, इजिप्तमध्ये काम करणारा एक नवरा गरोदर बायकोला लिहितो, मुलगा झाला तर राहू दे, मुलगी झाली तर टाकून दे. पत्रात बाकी सगळं प्रेमाचं आहे, काळजी करू नकोस, तुला मी विसरेन कसा. तो राक्षस नव्हता, त्या काळात हे चालायचं. यहुद्यांनी आणि मग ख्रिस्ती लोकांनी याला ठाम विरोध केला. ३६२ मध्ये सम्राट ज्युलियन, ज्याला जुने देव परत आणायचे होते, आपल्याच एका धर्माधिकाऱ्याला चिडून लिहितो की हे गालीली लोक (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांना पोसतातच आणि वर आपल्याही गरिबांना पोसतात, आपल्याला लाज वाटायला पाहिजे. शत्रूने दिलेलं सर्टिफिकेट आहे हे, त्यामुळे मला ते जास्त खरं वाटतं. दुबळ्याला किंमत आहे, ही गोष्ट आज आपल्याला हवेसारखी सहज वाटते, ती तशी वाटण्यामागे चर्चने शतकानुशतकं केलेलं काम आहे. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे तर म्हणायचा की देव सोडून ख्रिस्ती नीती तेवढी ठेवता येणार नाही, ती एकसंध गोष्ट आहे, एक गेलं की दुसऱ्यावरचा हक्क गेला.

नीत्शेचा मुद्दा जड आहे हे मान्य, पण तो ऋण आणि आधार यांची गल्लत करतो. एखादी गोष्ट कुठून आली आणि ती आज कशावर उभी आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शिवाय ती फक्त तिथूनच आली असंही नाही. जे आपल्याला नको ते दुसऱ्याला करू नये हे कन्फ्यूशियसने ख्रिस्ताच्या पाच शतकं आधी सांगितलं, अशोकाने कलिंगच्या कत्तलीनंतरचा पश्चात्ताप दगडावर कोरून ठेवला, आणि खुद्द "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" हे बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय १९ मधलं, म्हणजे येशूच्या कितीतरी आधीचं. १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्यांत लेबनॉनचे चार्ल्स मलिक ख्रिस्ती होते, चीनचे पी. सी. चँग कन्फ्यूशियसचा वारसा सांगायचे, भारताच्या हंसा मेहता होत्या, त्यांच्यामुळे तर पहिल्या कलमात "सर्व पुरुष" जाऊन "सर्व माणसं" आली. ब्राझीलने सुचवलं होतं की माणूस देवाच्या प्रतिरूपात घडलाय असं लिहा, ते वगळलं गेलं आणि बुद्धी आणि विवेक एवढंच राहिलं. का यावर एकमत नव्हतं, काय यावर झालं. मलिकांना तो मसुदा मान्य करायला आपला विश्वास सोडावा लागला नाही आणि चँगना तो घ्यावा लागला नाही.

आणि विश्वास पुरेसा असता तर गुलामगिरीच्या प्रश्नावर सगळे ख्रिस्ती एका बाजूला असते. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक आणि ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स बायबल हातात घेऊन गुलामांचा व्यापार बंद करायला झटत होते, ब्रिटनमध्ये तो १८०७ मध्ये कायद्याने बंद झालाही, आणि तिकडे अमेरिकेत १८४५ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट (दक्षिणेकडचे बॅप्टिस्ट ख्रिस्ती) वेगळे झाले ते गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही या भांडणातून, त्यांच्याही हातात तेच बायबल (दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांनी माफी मागितली). लेवीय २५ मध्ये परक्या राष्ट्रांतले गुलाम विकत घ्यायची मुभा आहे, ती ओळ पुसून टाकता येत नाही. आज कुठलाही पाळक ती ओळ वाचून गुलाम ठेवा म्हणत नाही, शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणतो. दोनपैकी कुठली ओळ वर ठेवायची हे तो ज्याने ठरवतो तोच तो पौलाचा विवेक, आणि तो फक्त चर्चमध्ये मिळत नाही.

हुशार मंडळी यावर म्हणतात, ठीक आहे, पण शेवटी नीती बंधनकारक का? उत्क्रांतीत माणसं एकमेकांना धरून जगली म्हणून सहानुभूती आली हे समजलं, पण मग मी ती पाळलीच पाहिजे असं कुठे येतं? प्रश्न अवघड आहे, मी स्वतः याचं उत्तर देव असं देते. पण मी देव म्हणते, देवावरचा विश्वास म्हणत नाही. सगळ्या चांगल्याचं मूळ देवात असेल तर ते आस्तिकासाठीही आहे आणि नास्तिकासाठीही, नदीचा उगम न बघता लोक पाणी पितातच. "मूळ देवात आहे" यावरून "न मानणारा वाईट" हे निघतच नाही. आणि देवाने सांगितलं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवाने सांगितलं, हा प्लेटोच्या काळापासूनचा पेच आहेच, त्यात मी शिरत नाही, फक्त एवढंच की देव चांगला आहे असं म्हणून मी जेव्हा त्याची स्तुती करते तेव्हा चांगलं म्हणजे काय याची थोडी तरी कल्पना मला आधीच असावी लागते, नाहीतर ती स्तुती नुसती खुशामत.

मग विश्वास कशाला, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. मला तो नियम कळावेत म्हणून लागत नाही, नियम कळूनही माझ्याकडून पाळले जात नाहीत तेव्हा लागतो. माफी मागायची कुणाकडे, ज्याने माझं वाईट केलं त्याला सोडून कसं द्यायचं, या ठिकाणी मला येशू लागतो. दुसऱ्या कुणाला ते दुसरीकडे मिळत असेल, मी हुज्जत घालणार नाही.

हे सगळं मी इतकं लांबण लावून लिहिलं कारण चर्चमध्ये हा प्रश्न विचारणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्न खरं तर लॉक-नीत्शेचा नसतोच. त्यांचा मुलगा किंवा मुलगी चर्चला यायची बंद झालेली असते आणि आता हे पोर बिघडणार का ही भीती असते. त्यांना मी म्हणते, आधी बघा की ते कामाच्या ठिकाणी, घरात, आपल्यापेक्षा दुबळ्या माणसाशी कसं वागतंय. बहुतेक वेळा पूर्वीसारखंच वागत असतं. आणि कृपा करून त्याला असं सांगू नका की आता तुला चांगलं वागायला काही कारणच उरलं नाही. लहानपणापासून तुमचं ऐकत आलेलं पोर आहे, विश्वास परत येणं त्याच्या हातात नसेल, पण तुमचं हे वाक्य मात्र ते खरं मानून बसेल. विश्वासाबद्दल बोलायचं तर जरूर बोला, वाद घाला, प्रार्थना करा, फक्त त्याच्या चारित्र्यावरचा संशय त्या बोलण्यात आणू नका.