मॅक्स-शीट: हजेरीचा कॉलम कोसळला, पण शे आणि एमपीजेचा गुंता सुटला

मॅक्स-शीट म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या मॅक्स करारांचा (नियमात बसणारा सगळ्यात मोठा पगार) माझा तक्ता, खेळाडू त्या पैशाच्या लायकीचा आहे का ते बघायला केलेला. तीन आठवडे नोंद टाकली नाही. टाकण्यासारखं काही हातातच नव्हतं. शीट दुरुस्त करायला बसलो की आधीपेक्षा जास्त बिघडायची. काल पहाटे अखेर एक धागा हाती लागला, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितो.

आधी एक छोटी जमलेली गोष्ट. मागच्या नोंदीवर नागपूरच्या मित्राने सुचवलं होतं की डॉलर सोडून दे, सगळं कॅपच्या, म्हणजे एका संघाच्या एकूण पगारांवर लीग दरवर्षी ठरवते त्या मर्यादेच्या, टक्क्यांत मांड. मांडलं, आणि एवढी साधी गोष्ट मला आधी का सुचली नाही असं वाटलं. फिनिक्सच्या डेव्हिन बुकरचं 2018 मधलं एक्स्टेन्शन, म्हणजे वाढवलेला करार, घ्या. 15.8 कोटी डॉलर, पाच वर्षं, पहिल्या वर्षी बरोबर 25 टक्के. दुसऱ्या वर्षी कोविडमुळे कॅप 10.914 कोटींवरच गोठली आणि बुकरचा वाटा 27 टक्क्यांवर गेला, तिसऱ्या वर्षी 28.2. आता तेव्हा डेन्व्हरमध्ये असलेल्या मायकेल पोर्टर ज्युनियरचं (एमपीजे) 2021 चं एक्स्टेन्शन त्याच्याशेजारी ठेवा. तोच 25 टक्क्यांचा मॅक्स, तीच पहिल्या पगाराच्या 8 टक्क्यांनी होणारी वाढ. पण चौथ्या वर्षी, म्हणजे 2025-26 मध्ये, पगार 3.83 कोटी आणि कॅप 15.46 कोटी. वाटा 24.8! पगार दरवर्षी चढला तरी कॅपही जवळपास तेवढीच चढली, म्हणून क्लबवरचा भार जिथल्या तिथे राहिला. दोन्ही ओळी एकाखाली एक लावून मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. माझ्या जुन्या डॉलरच्या तक्त्यात एमपीजे बुकरपेक्षा कितीतरी महाग दिसायचा.

याच कामात खेळाडूंच्या पगाराचे आकडे देणाऱ्या एका संकेतस्थळाने माझे दोन दिवस खाल्ले. करार होतो त्या दिवशी पुढच्या कॅपचा नुसता अंदाज असतो. कॅप ठरली की आकडे बदलतात, पण तिथे काही ओळींत जुनाच अंदाज राहून गेला होता. तेव्हा माझा सल्ला एवढाच: पगार कुठूनही उचलू नका. जाहीर झालेली कॅप घ्या, 25 किंवा 30 टक्के काढा, 5.8 ने गुणा. पाच वर्षांची बेरीज तिथेच मिळते. 2025-26 ला सुरू होणाऱ्या करारासाठी 3.866 गुणिले 5.8 म्हणजे 22.4 कोटी, आणि रोझ रूल (मोठा सन्मान मिळवणाऱ्या तरुण खेळाडूला 25 ऐवजी 30 टक्के) लागू झाला तर 26.9. केड कनिंगहॅम आणि इव्हान मोबली यांचे आकडे असेच 22.4 वरून 26.9 वर गेले.

आता हजेरी, म्हणजे संघाच्या सामन्यांपैकी खेळाडू किती खेळला.

ज्यांनी मागच्या नोंदी वाचल्यात त्यांना माहीत आहे, ही शीट मी झायन विल्यमसनसाठी सुरू केली. 2022 च्या जुलैत न्यू ऑर्लिन्स पेलिकन्सने त्याला मॅक्स दिला तेव्हा तीन सीझनमध्ये त्याचे सामने होते 24, 61 आणि 0. एकूण 85. हा मुलगा मॅक्सच्या लायकीचा आहे का, हाच प्रश्न. हजेरीचा माझा फॉर्म्युला म्हणजे शेवटच्या सीझनला 3 वजन, त्याआधीच्याला 2, त्याआधीच्याला 1. आणि आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेला नियम: पदार्पणाआधी दुखापतीत गेलेलं वर्ष कोरं धरायचं.

पहिली चूक सापडली ती अगदी बाळबोध होती. मी सगळीकडे 82 ने भागत होतो. 2019-20 मध्ये सीझन मध्येच थांबला, पेलिकन्सचे सामने झाले 72. 2020-21 मुळातच 72 चा होता. म्हणजे झायनचे 61 सामने 74 टक्के धरले होते, ते 85 टक्के निघाले. फिनिक्सचे 2019-20 चे सामने 73, डेन्व्हरचेही 73. प्रत्येक संघाचा आकडा बास्केटबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळावर बघून हाताने भरला. त्यांची पानं जुन्या धाटणीची आहेत, पण माहितीची शिस्त म्हणावी तर तिथे.

भरून झाल्यावर खात्रीसाठी 2021 चे दोन करार तपासले, शे गिल्जस-अलेक्झांडर आणि एमपीजे. आणि डोकं गरगरलं. हजेरीत एमपीजे 81 टक्के, शे 73. दुरुस्तीआधी हा फरक 5 होता, दुरुस्तीनंतर साडेसात झाला! म्हणजे चूक काढली आणि शीट आणखी खोटं बोलायला लागली. एमपीजेच्या पाठीवर करारापूर्वी दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि करारानंतर काही महिन्यांतच तिसरी. शे 2020-21 मध्ये 35 सामने खेळला कारण पायाच्या तळव्याचं दुखणं होतं आणि त्याचा संघ ओक्लाहोमा सिटी त्या वर्षी 72 पैकी 50 सामने हरली. त्याला घाईने परत उतरवण्याचं काही कारणच नव्हतं. हे 35 आणि झायनचं शून्य एकाच जातीचे आकडे नाहीत, पण फॉर्म्युल्याला ते कसं कळणार?

मग मी दुखणं कुठलं याची वही केली. कागदी वही, कारण शीटमध्ये टिप्पण्या लिहिल्या की मी त्या परत उघडून वाचत नाही. दर पानावर एक खेळाडू, डावीकडे तारखा, उजवीकडे अवयव. झायनचं पान: गुडघा, 2019 ची शस्त्रक्रिया. बोट, 2021 चा मे. उजवं पाऊल, अख्खं 2021-22. उजवी हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू), जानेवारी 2023. डावी हॅमस्ट्रिंग, 2024-25. एमपीजेचं पान: पाठ, पाठ, पाठ. पेन्सिलने एकाखाली एक तोच शब्द लिहिताना मला वाटलं, सापडलं! एकाच जागी परत परत दुखतं तो धोका मोठा, वेगवेगळ्या जागी दुखतं तो छोटा. दोन दिवस बसून त्याला वजन दिलं.

साफ उलटं निघालं. ज्याच्या पानावर फक्त पाठ होती तो एमपीजे नव्या कराराच्या पहिल्या तीन वर्षांत 62, 81 आणि 77 सामने खेळला आणि 2023 मध्ये विजेतेपदही जिंकला. ज्याची दुखणी विखुरलेली होती तो झायन कराराच्या पहिल्या वर्षी 70 खेळला आणि दुसऱ्या वर्षी 30. माझ्या मूळ फॉर्म्युल्याने झायनसाठी 34 टक्के सांगितले होते. करार झाल्यावरचे तीन सीझन 35, 85, 37. दोनदा नेम अगदी लागला आणि एकदा सपशेल चुकला, आणि चुकला तो नेमका त्याच्या सगळ्यात जास्त सामन्यांच्या वर्षात.

इथे मी थांबलो होतो. खरं सांगायचं तर शीट बंद करून टाकायच्या विचारात होतो.

काल पहाटे साडेपाचला चहा घेऊन सामना लावायच्या आधी सहज म्हणून शे आणि एमपीजेच्या ओळी शेजारी आणल्या, बाकी सगळ्या लपवल्या. एमपीजेचा जन्म 29 जून 1998. शेचा 12 जुलै 1998. दोघं 2018 च्याच ड्राफ्टमधले (नव्या खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने केलेली निवड), शे 11 वा, एमपीजे 14 वा. दोघांचा मॅक्स 2021 मध्ये, दोघांचा पहिला पगार 3,09,13,750 डॉलर, शेवटच्या डॉलरपर्यंत सारखा. आणि कराराच्या पहिल्या तीन सीझनमधले सामने मोजले: एमपीजे 220, शे 219.

एका सामन्याचा फरक! वय तेच, पगार तोच, हजेरी तीच. आणि त्या तीन वर्षांच्या शेवटी शे एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू), फायनल्स एमव्हीपी आणि विजेता, तर एमपीजेला डेन्व्हरने ब्रुकलिनला पाठवलं आणि वर 2032 च्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवडही दिली. जो कॉलम सुधारण्यात माझे तीन आठवडे गेले, त्या कॉलमचा या जोडीतल्या फरकाशी काडीचाही संबंध नव्हता.

मग संबंध कशाशी होता? मला वाटतं, स्वतः शॉट तयार करण्याशी. डेन्व्हरमध्ये एमपीजे मोकळा सुटून चेंडूची वाट बघायचा आणि सहकारी योकिचचा पास आला की अप्रतिम मारायचा. माझ्या मते त्याच्याइतका उंच आणि इतका चांगला शूटर लीगमध्ये विरळाच. पण पास दुसऱ्याने द्यावा लागायचा. शे टप्पे देत चेंडूसकट आत शिरतो, खांदा टेकवतो, अचानक थांबतो, आणि बचाव करणारा पुढे निघून गेलेला असतो. हे 2021 मध्येही दिसत होतं, 50 सामने हरलेल्या संघातही. मॅक्स द्यायचा तो अशाला, ज्याच्यामुळे बाकीच्या चौघांना मोकळीक मिळते.

म्हणून कालपासून नवा कॉलम: असिस्टशिवाय (दुसऱ्याच्या पासशिवाय) केलेल्या बास्केटचा वाटा. बास्केटबॉल-रेफरन्सच्या शूटिंगच्या पानावर दोन आणि तीन गुणांच्या शॉटसाठी असिस्टवरच्या बास्केटचा वाटा वेगवेगळा मिळतो, तो वजा करायचा. त्यात अजून एक अडचण आहे. मोठे खेळाडू रिबाउंडवर परत टाकतात तेही असिस्टशिवायच मोजलं जातं, आणि रिमखाली उभा राहणारा सेंटर शॉट-निर्माता दिसायला लागतो. ते वेगळं काढायची युक्ती कुणाकडे असेल तर हवी आहे.

हे लिहिता लिहिता आणखी एक सुचलं, ते आधीच्या योजनेत नव्हतं. मॅक्स हा भाव नाही, ते छत आहे. छताला टेकलेल्या दहा जणांची उंची तुम्हाला कळत नाही. अँड्र्यू विगिन्सही छताला, बुकरही छताला, शेही छताला. मी सगळं गणित या छतावरच्या लोकांवर बसवत होतो, तिथेच घोळ. खरी किंमत कळते ती छताच्या जरा खाली थांबलेल्यांकडून. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनने अल्पेरेन शेंगूनला पाच वर्षांचे 18.5 कोटी दिले, मॅक्स 22.4 असताना. शेवटच्या वर्षी बाहेर पडायचा पर्याय खेळाडूच्या हातात. त्याच महिन्यात अटलांटाने जेलन जॉन्सनला 15 कोटी दिले. हे आकडे दोन्ही बाजूंनी घासाघीस करून आलेत, म्हणून मोजपट्टी यांच्यावर बसवायला हवी. तेव्हा 30 टक्केवाल्यांचा तक्ता पुढच्या नोंदीत देणार होतो तो मागे पडला. आधी छताखालचे करार गोळा करतो.

आणि छताला टेकलेल्यांमध्ये फरक बघायचा असेल तर आकडा नाही, हमी बघा. एमपीजेच्या करारात शेवटच्या वर्षाच्या पगाराचा काही भागच पक्का होता. झायनच्या करारात तर, तेव्हाच्या बातम्यांप्रमाणे, सामन्यांच्या पायऱ्या होत्या आणि वजन अधिक शरीरातली चरबी यांची बेरीज 295 च्या आत ठेवायची अट होती. 2022-23 मध्ये सामने कमी पडले आणि पुढच्या वर्षांची हमी गेली, ती त्याला पायरीपायरीने परत मिळवावी लागली. पेलिकन्सने धोका ओळखला होता आणि तो आकड्यात न घालता अटीत घातला.

म्हणून झायनबद्दल माझं मत आता पक्कं आहे. 2022 मध्ये तो मॅक्सच्या लायकीचा होता. 2020-21 मध्ये सामन्याला 27 गुण, 61 टक्के शूटिंग, आणि चेंडू मधल्या रेषेपासून स्वतः घेऊन येणारा. असा खेळाडू क्लबने हातचा सोडून द्यावा असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालायला तयार आहे. विगिन्ससुद्धा माझ्या शीटमध्ये वर्षानुवर्षं लाल रंगात होता. 2021-22 मध्ये कॅपचे 28 टक्के घेत होता, आणि त्याच वर्षी ऑल-स्टारमध्ये सुरुवातीच्या पाचांत खेळला आणि गोल्डन स्टेटबरोबर विजेतेपद जिंकला.

वहीतलं झायनचं पान काल बंद करणार होतो, पण केलं नाही. 16 एप्रिल 2024, लेकर्सविरुद्धचा प्ले-इन (प्लेऑफमधल्या जागेसाठीचा) सामना. 40 गुण, 11 रिबाउंड, शेवटची तीनेक मिनिटं राहिली असताना 95-95 अशी बरोबरी त्यानेच साधली, आणि लगेच डावा पाय धरून आत गेला. पेलिकन्स 110-106 हरले. प्ले-इन ना नियमित सीझनमध्ये मोजलं जातं ना प्लेऑफमध्ये, त्यामुळे माझ्या शीटमध्ये या सामन्याला जागाच नाही. त्या वर्षाच्या 70 खाली पेन्सिलने 71 ची ओळ आखली आहे. उजवीकडे अवयव लिहिला, डावीकडे तारीख. मधे काय भरायचं ते अजून ठरवतोय.