धनेशाचं झाड आणि माझी वही

रविवारपासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून लिहून टाकतो. मी देवरूखच्या बाजूला नेचर गाईडचं काम करतो. शनिवार-रविवार पुण्या-मुंबईची माणसं आली की त्यांना बावनदीच्या काठाने चालवायचं, फुलं-पक्षी दाखवायचे, दुपारी जेवायला घालायचं आणि परत धाडायचं. वाडीचं नाव मुद्दाम देत नाहीये, का ते पुढे कळेलच.

रविवारी अकरा जण होते. निघताना पहिला प्रश्न नेहमीचाच, "दादा, धबधबा किती वाजता?" आता मार्च महिना, शिमगा नुकता झालाय, नदी म्हणजे गोटे आणि मधेमधे डोह. मार्लेश्वरचा धारेश्वर धबधबा बारमाही आहे पण ह्या दिवसांत त्याची बारीक धार उरते. लोक जुलैचे फोटो बघून येतात आणि मार्चमध्ये माझ्याकडे असं बघतात जशी काय मीच टाकी बंद केलीय. त्यापेक्षा काठावर बघा ना! सीतेचा अशोक पाण्याकडे वाकलेला, एकाच घोसात पिवळी, केशरी, लाल फुलं, कारण फूल जुनं होत जातं तसं लाल होतं. अंजनीच्या फांद्या अख्ख्या जांभळ्या-निळ्या, पान दिसत नाही. सुरंगीची फुलं तर थेट जुन्या फांदीच्या सालीलाच चिकटल्यासारखी येतात, वास आधी येतो आणि झाड नंतर सापडतं. आणि उक्षी, माझी लाडकी. तिच्या वेलात पाणी साठतं, रानातली माणसं वेल कापून पितात. मी पूर्वी कापून दाखवायचो, सगळे व्हिडिओ काढायचे. एका सीझनमध्ये वाटेवरचे सगळे वेल माझ्याच कोयत्याने तुटलेले दिसले तेव्हा बंद केलं. तेव्हा वाटलं होतं की आपण आता शहाणे झालो.

तर मुद्दा धनेशाचा, म्हणजे हॉर्नबिल पक्ष्याचा. देवरहाटीच्या, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाच्या कडेला एक जुना बेहडा आहे, देवाचा म्हणून टिकला, नाहीतर आजूबाजूच्या खाजगी रानात तोड चालूच असते. त्याच्या ढोलीत महाधनेशाची जोडी येते. मादी आत शिरली की आतून तोंड लिंपून घेते, विष्ठा आणि फळांचा गर चोचीने थापून थापून, फक्त एक उभी फट ठेवते. आत तिची उडायची पिसं गळतात, म्हणजे मनात आलं तरी ती उडू शकत नाही. ती आत असेपर्यंत तिचं आणि पिल्लाचं सगळं खाणं नर आणणार, गळ्यात भरून आणलेली उंबरं एकेक करून चोचीत वर काढणार आणि फटीतून देणार. येताना पंखांचा आवाज आधी येतो, वाफेचं इंजिन आल्यासारखा. कितीही वेळा बघितलं तरी माझ्या अंगावर काटा येतो.

मी स्वतःला जबाबदार गाईड समजत आलो. काही गाईड ब्लूटूथ स्पीकरवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला भांडायला बोलावतात आणि गिऱ्हाईकाला खूश करतात, मला त्यांची चीड आहे. माझ्याकडे स्पीकर नाही, लोकांचे कपडे मातकट, सेंट बंद, झाडापासून चाळीस पावलं लांब बसायचं, बोलायचं नाही. वर माझी वही. तीन वर्षं नर किती वाजता आला, काय घेऊन आला, किती फळं दिली, सगळं लिहिलेलं. त्या वहीप्रमाणे तो सकाळी सात ते अकरात दोनदा येतो, फार तर तीनदा. ही वही मी लोकांना अभिमानाने दाखवतो.

रविवारी आठ वाजून पाच मिनिटांनी आम्ही बसलो. नऊ वाजले, साडेनऊ झाले, काही नाही. दोन जणांकडे हातभर लांब लेन्सा, ते सारखे ट्रायपॉड सरकवतायत. एका मॅडमनी विचारलं, "दादा, तो नाहीच आला तर तिचं काय?" मी म्हटलं, येतो हो, वहीत आहे. दहा वाजले. फटीतून चोचीचं टोक दोनदा बाहेर आलं आणि आत गेलं. लोकांनी त्याचेच फोटो काढले. मला तेव्हा पोटात कसंतरी झालं, पण माणसं डोकी नऊशे रुपये देऊन आलेली, उठवणार कसं? हे खरं सांगतोय. नऊशे रुपये आडवे आले.

शेजारच्या बागेत तात्या काजू वेचत होते. बोंडं पिळून बिया टोपलीत टाकायच्या, हात डिंकाने काळे झालेले. हे झाड मला त्यांनीच पहिल्यांदा दाखवलं होतं. पावणेअकराला ते कुंपणाशी आले आणि हळूच म्हणाले, "तू उठ आदी. तो बग तिकडं बसलाय कवाधरनं."

नदीपलीकडच्या सावरीवर, पानं नसलेल्या फांद्यांत, तो बसलेला. गळा फुगलेला, म्हणजे भरून आणलेलं. आम्ही अकरा अधिक एक माणसं ढोलीकडे डोळे लावून बसलेलो आणि मागे वळून कुणी बघितलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

सगळ्यांना उठवून काजूच्या पलीकडे नेलं, लेन्सवाले कुरकुरले. चार मिनिटांत इंजिन आलं. लांबून मोजली, सतरा उंबरं दिली त्याने.

मी तात्यांना म्हटलं, आज जास्त माणसं होती म्हणून बिचकला असेल, एरवी दोन-तीनदा येतोच. तर ते हसले. "तू आसतोस तवा दोनदा. तू नसतोस तवा चार-पाचदा येतो."

मग माझ्या वहीत काय आहे? त्यातली प्रत्येक नोंद मी झाडाखाली बसलेलो असतानाचीच आहे. मी नसताना काय होतं ते मला तीन वर्षांत कधी कळलंच नाही आणि मी त्या आकड्यांवर लोकांना धनेश समजावत होतो. धारेश्वरला गेलो नंतर, शीळकरी कस्तूर पक्षी मिळाला, कपाळावरचा निळा पट्टा उन्हात चमकत होता, सगळे खूश. मी काय बोललो ते मला आठवत नाही.

बायको म्हणते, गेली तीन वर्षं पिल्लं उडालीच ना, मग कशाला जीव टाकतोस. उडाली, खरंय. पण किती उपाशी राहून उडाली ते कुणाला ठाऊक?

सोमवारी तात्यांना म्हटलं, नर आला की खोपीच्या दारावर कोळशाने एक रेघ मारा. मंगळवारी पाच रेघा, बुधवारी चार. गुरुवारी दार कोरं. माझं काळीज हललं, धावत त्यांच्या घरी गेलो.

"आरं, मी ब्यांकेत गेल्तो," म्हणाले, "केवायशीला."

येत्या रविवारचं चौदा जणांचं बुकिंग आहे. फक्त नदी आणि फुलं, धनेश नाही, असं आज ग्रुपवर टाकलंय. आत्तापर्यंत सहा जणांनी कॅन्सल केलंय.