अठरा मिलिमीटर

दर रविवारी पहाटे समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारापर्यंत सायकलने जाण्याचा माझा नेम आहे. मागच्या हिवाळ्यात हा नेम मोडण्याची वेळ आली, कारण घाटाच्या मध्यावर पोहोचेपर्यंत उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागायचे आणि परतताना दोन्ही हातांच्या करंगळ्या बधिर व्हायच्या. चाळिशीनंतर गुडघे बोलणारच, असे घरातल्या सर्वांचे मत होते आणि मीही ते मान्य करून गुडघ्याला पट्टा बांधून चढत राहिले. ही माझी चूक होती, कारण दोष सायकलच्या मापात होता.

साताऱ्यातल्या एका सायकल दुकानात बसण्याची मापे जुळवून देणारा एक तरुण कारागीर आहे. त्याने माझी सायकल स्टँडवर बसवून मला दहा मिनिटे पेडल मारायला लावले आणि तो बराच वेळ काही न बोलता बाजूने पाहत राहिला. नंतर घोटा, गुडघा आणि कंबरेचा सांधा यांवर ठिपके चिकटवून, पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किती वाकतो हे त्याने कोनमापकाने मोजले. हा कोन साधारण २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान असावा असे मानतात. माझा ४२ भरला. "ताई, सीट खाली आहे. गुडघा पूर्ण उघडतच नाही," एवढेच तो म्हणाला.

सीट खाली असली की प्रत्येक फेऱ्यात गुडघा गरजेपेक्षा जास्त वाकलेल्या अवस्थेत जोर लावतो आणि वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते. घाटात मिनिटाला ६० फेरे धरले तरी तासाभरात एका पायाने ३,६०० वेळा हा दाब सोसायचा असतो, म्हणून सपाट रस्त्यावर जाणवतही नाही अशी चूक यवतेश्वरच्या चढावर दुखणे होऊन समोर येते. याउलट सीट फार उंच असेल तर गुडघ्याच्या मागच्या बाजूला ताण बसतो आणि पेडल गाठण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे डुलू लागते. दुखणे नेमके कुठे आहे, यावरून चूक कुठे शोधायची याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

त्याने सीट एकूण १८ मिलिमीटर वर घेतली, पण एकदम नाही. दर आठवड्याला चार-पाच मिलिमीटर, म्हणजे स्नायूंना सवय होते. ग्रेग लेमंड या अमेरिकी सायकलपटूच्या नावाने ओळखले जाणारे एक सूत्रही त्याने सांगितले. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहावे, जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये घट्ट वर धरावे, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला ०.८८३ ने गुणावे. माझे अंतर ७८ सेंटिमीटर आहे, म्हणून क्रँक (पेडलचे दांडे) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे ६८.९ सेंटिमीटर हवेत. हे सूत्र सुरुवात करण्यापुरते उत्तम आहे. शेवटचा निर्णय मात्र चालत्या पेडलवरचा गुडघा पाहूनच घ्यावा, असे माझे मत झाले आहे.

बधिर करंगळ्यांचे कारण वेगळे निघाले. सीटचे टोक पुढे झुकलेले होते, त्यामुळे मी नकळत पुढे घसरत होते आणि शरीराचे वजन तळहातांवर, करंगळीकडे जाणाऱ्या नसेवर पडत होते. आमच्या शेजारी बांधकाम सुरू आहे. तिथल्या गवंडीकाकांची पाणसळ मागून आणली आणि सीटवर आडवी ठेवली, तेव्हा बुडबुडा सरळ मागच्या टोकाला गेला. बोल्ट सैल करून तो मध्यावर आणायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

सीट बदलण्याचा खर्चही मी केला. सोबत आलेली सीट अरुंद होती आणि बैठकीच्या दोन हाडांमधले अंतर स्त्रियांमध्ये सरासरीने जास्त असते, हे विकताना कुणी सांगितले नव्हते.

आता गुडघा कासच्या तळ्यापर्यंत शांत असतो. सीटच्या दांड्यावर, जिथे तो फ्रेममध्ये शिरतो तिथे, मी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढून ठेवली आहे, कारण सर्व्हिसिंगनंतर सीट दरवेळी थोडी खाली बसवून मिळते.