टाटांनी घेतली, मग आता तपासतं कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसलोय. तुम्ही एकटेच नव्हे, आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतले मित्र, टिळकवाडीतले शेजारी, लग्नात भेटलेले खानापूरकडचे पाहुणे, सगळेच विचारायलेत, आणि 12 जून 2025 ला अहमदाबादला ते विमान पडल्यापासून तर जास्तच. प्रश्न एकच, "काका, एअर इंडिया सरकारनं विकली, आता टाटाच दुरुस्त करणार आणि टाटाच पास म्हणणार, होय की नाही?" मी आधी वायुसेनेत टेक्निकल ट्रेडला होतो, नंतर लायसन्स काढून एका खासगी कंपनीच्या हँगरमध्ये सह्या करत होतो, म्हणून माझ्याकडं येतात.

तर, विकली मालकी. 27 जानेवारी 2022 ला कंपनी टाटांच्या ताब्यात गेली, सौदा 18,000 कोटींचा, त्यातले 2,700 कोटी रोख आणि बाकी 15,300 कोटींचं कर्ज त्यांनी अंगावर घेतलं. 1953 ला सरकारनं ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याचकडं परत गेली, ते असू दे. विमान उडण्यालायक आहे का हे बघणारं डीजीसीए आधीही सरकारचं होतं आणि आताही आहे, आणि बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडणाऱ्या इंडिगोला नि स्टार एअरला जे नियम तेच एअर इंडियाला.

आपल्याकडं लॉरीचं बघा. पासिंग आरटीओ करतं, पण टायर, ब्रेक, ऑइल रोज कोण बघतं? मालक, ड्रायव्हर, गॅरेजवाला. विमानाचंही तसंच, फक्त इथं गॅरेजला परवाना लागतो, मेकॅनिकला लायसन्स लागतं आणि प्रत्येक कामाचा कागद राहतो. कुठलं काम कधी करायचं याचा हिशेब विमान कंपनीचा एक विभाग ठेवतो, काम करणारी वर्कशॉप डीजीसीएच्या कार-145 या नियमाखाली मंजूर असावी लागते, आणि काम झाल्यावर रिलीजची, म्हणजे विमान उडायला सोडायची, सही करणारा माणूस कार-66 चा लायसन्सवाला असतो, मेकॅनिकल बाजूला बी-1, एव्हियॉनिक्सला, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सला, बी-2. म्हणजे टाटाचाच माणूस टाटाचं विमान पास करतो हे खरं आहे! पण लायसन्स टाटानं दिलेलं नसतं, डीजीसीएनं दिलेलं असतं, आणि चुकीची सही सापडली तर ते जातं, मग घरी बसायचं. मॅनेजर कितीही डोक्यावर बसला, फ्लाइट लेट होतेय म्हणून ओरडला, तरी सही करणाऱ्याला हेच आठवतं. मला आठवायचं.

पासिंगसारखा एक कागद पण असतो, एआरसी म्हणतात, वर्षाला नवा करायचा. नोव्हेंबर 2025 मध्ये एअर इंडियाचं एक ए-320 एआरसी संपलेली असताना आठ फेऱ्या उडालं. कंपनीनं स्वतःच कळवलं, मग डीजीसीएनं विमान उभं केलं, चौकशी लावली आणि संबंधित लोकांना कामावरून बाजूला करायला सांगितलं. लोक म्हणतील बघा, खासगी झाली की असंच. मी म्हणतो कागद संपल्याचं आठ फेऱ्या कुणालाच कसं दिसलं नाही, ना कंपनीत ना बाहेर, ते आधी विचारा.

अहमदाबादच्या बाबतीत मी जास्त बोलत नाही. प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचे फ्युएल स्विच 'रन'वरून (चालू) 'कटऑफ'ला (बंद) गेल्याचं लिहिलंय, त्यावर व्हॉट्सॲपवर आधीच सगळ्यांनी निकाल दिलेत. पण त्याच अहवालात एक बारीक गोष्ट आहे जी तुमच्या प्रश्नाशी जुळते. त्या स्विचच्या लॉकबद्दल अमेरिकेच्या एफएएनं, म्हणजे तिथल्या डीजीसीएनं, 2018 ला एक सूचना काढली होती, ती सल्ला म्हणून, सक्तीची नाही, म्हणून एअर इंडियानं ती तपासणी केली नव्हती, आणि नियमानं त्यांना करावी लागतही नव्हती. आणि 2018 ला एअर इंडिया सरकारचीच होती की! अपघातानंतर जुलैमध्ये डीजीसीएनं हेच स्विच तपासा म्हणून हुकूम काढला. सल्ला आणि सक्ती यातला हा फरक मेंटेनन्सवाल्याला रोज भेटतो, सगळे सल्ले पाळायला गेलं तर विमान हँगरमधून बाहेर निघणार नाही, पण कुठला सल्ला सक्तीचा करायचा हे ठरवायला डीजीसीएत माणसं पाहिजेत. तिथंच दुखतंय. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेच्या समितीनं सांगितलं की डीजीसीएत मंजूर 1,063 जागांपैकी भरलेल्या फक्त 553. जवळजवळ अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, आणि इकडं कंपन्या शेकड्यांनी विमानं मागवायलेत. मला भीती वाटते ती याची, टाटांची नाही. उलट पूर्वी कंपनी त्याच मंत्रालयाची आणि तपासणारेही त्याच मंत्रालयाखालचे, ते मला कधीच बरं वाटलं नव्हतं.

अजून एक, हे सांगितलं की लोक चमकतात. दुरुस्तीची कंपनी सरकारनं त्या सौद्यात विकलीच नाही. एआयईएसएल म्हणतात तिला, नागपूरच्या मिहानमध्ये तिचा मोठा हँगर आहे, ती सरकारकडंच राहिली, अलायन्स एअर ही छोटी विमान कंपनीही राहिली. म्हणजे काही वर्षं विमान खासगी आणि त्यावर पाना फिरवणारा सरकारी असा मामला. आता टाटा बेंगळूरला सिंगापूरवाल्या एसआयए इंजिनिअरिंगला बरोबर घेऊन स्वतःचा तळ उभा करायलेत, 35 एकरात.

हे ऐकलं की इथला माणूस लगेच पुढचा प्रश्न टाकतो, बेंगळूरला का, बेळगावला का नाही? आमच्या हत्तरगीला एअरबसचे पार्ट होतात, उद्यमबागेत कास्टिंग, मशिनिंग करणारे हात आहेत, मग सरकारनं अट का नाही घातली? तर अशी अट घालून बघितलीय कॅनडानं. 1988 ला एअर कॅनडा विकायला काढताना कायद्यातच लिहिलं की विनिपेग, माँट्रियल आणि मिसिसागाची ओव्हरहॉल केंद्रं चालू ठेवायची. पुढं मोठ्या दुरुस्तीचं काम वेगळ्या कंपनीकडं गेलं, आव्हिऑस तिचं नाव, ती मार्च 2012 ला बंद पडली आणि अडीच हजारांवर लोक घरी बसले. माँट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्युबेकचं सरकार कोर्टात गेलं, जिंकलं, अपिलातही जिंकलं, आणि मग 2016 ला कॅनडाच्या केंद्र सरकारनं कायदाच बदलला, काम ही शहरं ज्या तीन प्रांतांत आहेत तिथं व्हावं पण कुठलं आणि किती ते कंपनीनं ठरवावं. अशी अट नोकऱ्यांसाठी असते, विमानाच्या सुरक्षेशी तिचा संबंध थोडाच, आणि आपण दोन्ही एकाच प्रश्नात कोंबतो म्हणून उत्तर धड मिळत नाही. सांबऱ्याचा तळ मुळात वायुसेनेचा, तिथं मोठ्या विमानांचा हँगर येईल असं मला तरी दिसत नाही. आलाच तर मी पहिला जाईन बघायला.

राहिला पोरांचा प्रश्न, एएमईचा, म्हणजे विमान मेंटेनन्स इंजिनिअरचा, कोर्स करू दे काय म्हणून. करू द्या, पण फी भरायच्या आधी त्या कॉलेजला डीजीसीएची कार-147 ची मंजुरी आज चालू आहे का ते डीजीसीएच्या वेबसाइटवर स्वतः बघा, माहितीपत्रकावर छापलंय म्हणून धरू नका. कॉलेज सर्टिफिकेट देतं. लायसन्स डीजीसीएची परीक्षा पास होऊन, हँगरमध्ये अनुभवाची वर्षं काढून मिळतं, पेपर इंग्रजीत असतात, आणि तोवर पगार बेताचाच.